मावळा चालला!

चालला हो, चालला! दिवाळीच्या किल्ल्यावरचा आमचा भालेवाला मावळा, ज्याचे दोन्ही पाय खालच्या मातीच्या चकतीला जन्मापासून चिकटलेले, तो टुणटुण उड्या मारत निघाला आणि थेट प्लास्टिकच्या वाघासमोर जाऊन उभा ठाकला! मोबाइलच्या पडद्यावर, जेमतेम दहा सेकंद. घरातल्या सगळ्यांना दाखवून झालंय, दूधवाल्यालाही सोडलेलं नाही.

युक्ती ऐकून माहीत होती. खेळणं किंचित सरकवायचं, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा तेच. सिनेमाच्या एका सेकंदात 24 चित्रं असतात, पण 12 वेगळी चित्रं प्रत्येकी दोनदा दाखवली तरी डोळा खुशाल फसतो. म्हणजे दहा सेकंदांना 120 फोटो. पण वेग आपल्या बोटांत असतो, हे मात्र करून बघितल्याशिवाय कळत नाही! दर वेळी सारखंच अंतर ठेवलं की मावळा नुसता घसरत जातो. निघताना एक मिलिमीटर, मग दोन, मग पाच, थांबताना पुन्हा कमी कमी करत आणलं, की त्याला एकदम वजन येतं. उडीच्या आधी चकतीखाली पुढून चिकणमातीची गोळी सारून त्याला जरा मागे रेलवला, तर गडी चक्क दम घेतोय!

आणि गंमत ऐका. वाघासमोर आल्यावर मी त्याला हलवलंच नाही, तशाच स्थितीत सात-आठ फोटो काढले. भाचा ओरडला, "आत्या, तो घाबरला!" तोंडावरची रंगाची रेघही बदललेली नव्हती.

साहित्य म्हणाल तर हसाल. पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये आडवा खोचलेला फोन. तो हलू नये म्हणून वायरवाल्या इअरफोनचं बटण दाबून फोटो. खिडकीतलं ऊन सरकतं आणि चित्र लुकलुकतं, म्हणून पडदे बंद, एकच टेबललॅम्प. फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही जागेवर राहतात. अंगात पांढरा सदरा नको, त्याचाही उजेड पडतो. स्टॉप मोशनच्या अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे किती सरकवलं ते डोळ्यांसमोरच असतं. ही सोय ज्याने काढली त्याला माझ्याकडून पुरणपोळी!

दादासाहेब फाळक्यांकडे यातलं काय होतं? हातानं फिरवायचा कॅमेरा! 'राजा हरिश्चंद्र' 1913चा, त्याच्याही आधी त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपून पडद्यावर भराभर वाढवून दाखवली होती. पुढे 1915 साली 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्यांना नाचवलं. काड्यांना! नाक नाही, डोळे नाहीत, तरी नाच. पूर्वी हे सारं मी परीक्षेपुरतं वाचून सोडून दिलं होतं, आता मात्र त्या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

उद्या घोडेस्वार काढणार. घोडाही चकतीवरच आहे, म्हणजे दौड उड्यांचीच, पण टापांचा आवाज नंतर वेगळा भरता येतो म्हणे. आई, नारळ खवून झाला की करवंट्या टाकू नकोस गं!