उद्यमबागेत बाबांची गाडी

बाबांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० अजून आमच्या टिळकवाडीतल्या अंगणात उभी असते. बाबा गेले, गाडी राहिली. त्यामुळे धूर तपासणीत ती नापास झाली, तेव्हा घरातलंच कुणी नापास झाल्यासारखं वाटलं. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. आमच्या गाडीने ५.४ आणि १८०० दाखवलं.

बाहेर एकजण हळूच म्हणाला, "सर, स्क्रू जरा आवळूया. पाच मिनिटांत कागद मिळेल." घरी चिरंजीव म्हणाले, "पप्पा, भंगारात देऊया." दोन्ही सल्ले डोक्यात घेऊन मी खानापूर रोडने निघालो.

उद्यमबागेत शिरलं की बेळगाव वेगळंच दिसतं. ओतकामाचा करपट वास, लेथवरून निघणारा लोखंडाचा कीस, टपरीवर चहाचा ग्लास धरलेले तेलकट हात. इथलं वाक्य मराठीत सुरू होतं, कन्नडमध्ये वळतं आणि राग आलाच तर हिंदीत संपतं.

साठीच्या मेस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. काळी काजळी. "निळा धूर असता तर रिंगा गेल्या म्हटलं असतं. हे पेट्रोल जास्त, हवा कमी. उसिरु कट्टेत्री, सर. श्वास कोंडलाय गाडीचा."

एअर फिल्टर झटकला तर ओंजळभर धूळ पडली. प्लग कोळशासारखे. खरी गोम चोकच्या गंजलेल्या वायरीत होती. बटण आत दाबलं तरी झडप अर्धी बंदच राही. थंड इंजिनाला सुरू होण्यापुरतं लागणारं जादा पेट्रोल दिवसभर जात होतं. मेस्त्रींनी कार्बोरेटर खोलला, जेट हवेने फुंकले, वायर, फिल्टर, प्लग नवे घातले. स्क्रूला हात लावला तो सगळ्यात शेवटी.

मी त्या पाच मिनिटांच्या उपायाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "कागद पास होईल, गाडी नाही. आणि फार आवळलं तर पेट्रोल नीट जळत नाही, हायड्रोकार्बन उलट वाढतो."

जुन्या टायरवर बसून हे सगळं बघताना मला आई आठवली. रोज सकाळी मी अंगणात दहा मिनिटं गाडी तापवायचो. पायरीजवळच्या खुर्चीत भाजी निवडत ती म्हणायची, "अरे, वास येतोय." दोन वर्षं म्हणत होती. आम्ही ते तिच्या वयावर घातलं. शेवटी मीच तिची खुर्ची मागच्या खोलीत नेऊन ठेवली. तिला यायचा तो न जळलेल्या पेट्रोलचा वास. कार्बन मोनॉक्साइडला तर वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. जे यंत्राने आता सांगितलं, ते आई केव्हापासून सांगत होती.

दुसऱ्या तपासणीत १.९ आणि ६४० आलं. सहा महिन्यांचा कागद मिळाला. मेस्त्रींचं बिल दोन हजार तीनशे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गाडी फाटकाबाहेर काढली आणि मग तापवली. तत्पूर्वी आईची खुर्ची उचलून परत पायरीजवळ ठेवली. ती काही बोलली नाही. मेथीची जुडी घेऊन येऊन बसली.