ताम्हिणी घाट आणि सांखळीचा स्नेह

पुण्याहून पौडमार्गे माणगांवाकडे जातांना मुळशीचा जलाशय मागें पडला, कीं ताम्हिणी घाटाचें धबधब्यांचें राज्य सुरू होतें. गेल्या श्रावणांत आम्ही पुतण्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून हा मार्ग आक्रमिला. मात्र दर वळणावर गिअर बदलतांना ‘खट्’ असा आवाज होऊन गाडीस हिसका बसे. पावसानें सांखळीचें तेल धुऊन गेलें होतें व ती सैलही पडली होती. अशी सांखळी दात्यांवरून निसटून चाक अडकलें, तर दरीच्या कांठीं अनर्थच ओढवावयाचा!

सपाट जागीं थांबून आम्हीं इंजिन बंद करविलें. कारण फिरत्या सांखळींत बोट सांपडलें, तर तें तुटावयास क्षणही लागत नाहीं. पुतण्यानें सांखळी पुसली, मागचें चाक हातानें फिरवीत आंतल्या बाजूनें सोबतचें गिअर ऑइल थेंबथेंब सोडलें, जास्तीचें टिपलें आणि पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें ताण बेतला. पुढें गिअर कसे अलगद पडूं लागले!

संस्कृतांत तेलास व मायेस ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे. वाचकहो, घरांतील तरुण मंडळी पावसाळी सहलीस निघतील, तेव्हां आशीर्वादाबरोबर सांखळीच्या स्नेहाचीही चौकशी अवश्य करावी.