पाडवा आणि एन्ट्रॉपी

थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आईने वाचलेला नाही. पण पसारा आपोआप वाढतो आणि आवरायला घाम गाळावा लागतो, हे तिला पाठ आहे. गुढीपाडव्याआधी आमच्याकडे युद्धच असतं! आधी जळमटं, मग माळा, शेवटी फरशी. धूळ वरून खालीच येते ना! पितळेच्या भांड्यांना चिंच. चिंचेतलं अ‍ॅसिड काळा थर काढतं, हे मी कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिशमधून शिकले. आजीला शाळेत न जाताच ठाऊक होतं.

आजी गेल्यापासून तिची ट्रंक कोणी उघडत नाही. आई दरवर्षी ती माळ्यावरून उतरवते, पुसते, पुन्हा वर ठेवते. काय टाकायचं नाही, हेही साफसफाईतच ठरतं.

तर मित्रांनो, रूम जरूर आवरा. पण घरून आलेला लाडवांचा रिकामा डबा भंगारात देऊ नका. आई विचारते!