खाचरात शेकाट्या दिसला तर

मार्च निम्मा सरला की आमच्या खारेपाटात ओहोटीच्या वेळेला बाहेरच्या बांधावर अर्धा तास काढावा. समोरच्या चिखलात चिखल्या, तुतवार, लांब वाकड्या चोचीचा कोरल. थंडीभर हे सगळे मातकट दिसतात. आता रंग चढलाय. चिखल्यांच्या छातीवर वीटकरी पट्टा आलाय, कुरवांची पांढरी डोकी तपकिरी झालीत. आता निघायची वेळ. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर जातो, काही तुतवार तर थेट सैबेरियात. वाटेची शिदोरी म्हणजे या चिखलातले किडे अन् बारीक शिंपले.

यंदा शिमग्याच्या पुनवेचं उधाण गेल्यावर ही पाखरं बांधाच्या आत दिसली. माझ्याच भाताच्या खाचरात 23 शेकाटे अन् चाळीसेक तुतवार! एवढ्या जवळून कधी बघितले नव्हते, फोटो झकास आले. पण पोटात गोळाही आला. भात कापून चार महिने झाले, या दिवसांत जमीन भेगाळलेली पाहिजे. मग चिखल आला कुठून?

खारजमिनीत उन्हाळ्यात मीठ तसंही वर येतं, त्यामुळे नुसत्या पांढऱ्या थरावरून काही कळत नाही. पाखरांवरून कळलं. बांध चालत गेलो. खेकड्यांच्या बिळांनी एक जागा पोकळ झालेली, तिथे हातभर खांड पडलेली. शिवाय उघाडीच्या झडपेत ओंडका अडकलेला, म्हणजे भरतीला दार मिटतच नव्हतं.

शेजारचे काका म्हणाले, "राहू दे रे. भात परवडतो कुणाला? कोळंबीला भाड्याने देऊ." त्यांचा हिशोब खोटा नाही. पण खारं पाणी सातबारा बघून थांबत नाही, खालच्या सगळ्यांची शेतं जातील. अन् शेतात तिवर वाढले की ते परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दाट तिवरांत ही पाखरंही चरत नाहीत, त्यांना उघडा चिखल लागतो. तो बांधाबाहेर आहेच. बांध धरला तर दोघांचं भागतं.

ओंडका त्याच दिवशी काढला. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी कमी चढतं, तेव्हा दहा जणांनी मिळून खांड बुजवली. काकाही आले, घमेली उचलली. मे महिन्यात माती तपासायला देणार. ईसी 4 च्या वर आली तर रोप खाऱ्यात टाकायचं नाही, वरकस जमिनीवर टाकायचं. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडून ओहोटीला उघाडीतून सोडायचं, असं दोन-तीनदा केलं की बरंच मीठ धुऊन जातं. मात्र बांध पावसाआधी पक्का पाहिजे.

तुमच्या कोरड्या खाचरात मार्चमध्ये शेकाट्या उतरला तर फोटो जरूर काढा, अन् लगेच बांध चालत जा.