शिरपामाळ ते सिंधुदुर्ग, व्हाया स्नॉर्केल

होस्टेलात कुणी ‘पालघर जिल्हा’ म्हटलं की पोरं लगेच डहाणूचा समुद्र आणि केळव्याचा बीच काढतात. मग सांगावं लागतं, बाबांनो, मी जव्हारचा. आमच्याकडे डोंगर, पावसाळ्यात धो धो पाणी आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट. (मोखाड्याचं तर विचारूच नका.) पोहायला शिकलो ते नदीच्या डोहात. त्यामुळे डिसेंबरात शेवटची व्हायवा संपल्या संपल्या आमच्या मालवणी रूम पार्टनरने ‘‘चल गावाक, समुद्राच्या पोटात काय आसा ता दाखयतंय’’ असं फर्मान काढलं, तेव्हा बॅग भरायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मालवणच्या जेट्टीवरून समोरच सिंधुदुर्ग दिसतो. त्याच्याशी आमचं जुनं नातं आहे, हे मी पार्टनरला ऐकवून घेतलं. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना भेटले, शिरपेचाचा मान झाला म्हणून तो शिरपामाळ, असं आमच्याकडे सांगतात. सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ ची. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कुरटे बेटावर या किल्ल्याचा मुहूर्त झाला. म्हणजे आधी आमच्याकडे, मग तुमच्याकडे! पार्टनर गप्प. (सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी: पायात शिसं ओतलंय, आणि चारी बाजूंना खारं पाणी असून आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव.)

स्नॉर्केलिंग किल्ल्याजवळच्या खडकांत चालतं. होडी नांगरली. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. नाकाने श्वास घ्यायचा नाही, एवढंच काम. तेही जमेपर्यंत अर्धा अरबी समुद्र पोटात गेला. डोहात अंग खाली जातं, इथलं खारं पाणी वर धरून ठेवतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घनता मार्कांपुरती पाठ केली होती, ती त्या दिवशी पोटाला कळली.

टीव्हीवरच्या अंदमानसारखं निळंशार काही नाही, आधीच सांगतो. पाणी हिरवट, चार-पाच हातांपलीकडे धुकं. पण त्या चार-पाच हातांत प्रवाळाचे गोल गोल ढेकूळ, त्यांच्या फटीत शिरणारे काळे-पिवळे पट्ट्यांचे मासे, आणि कानात फक्त आपलाच श्वास. पाण्यात उतरण्याआधी होडीवाल्या दादाने बजावलं होतं, ‘‘पाय खाली टेकव नको. ता दगड न्हय, जिवंत आसा.’’ खरंच आहे. प्रवाळ म्हणजे चुन्याचं घर बांधून राहणारे इवलेसे प्राणी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न तयार करून घरभाडं देतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हा भाडेकरू बाहेर काढतं, पांढरं पडतं आणि पुढे उपाशी मरतं.

हे सगळं सरकारी कागदावर १९८७ पासून ‘मालवण सागरी अभयारण्य’ आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. पार्टनरचे बाबा रापणवाले. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. रात्री जेवताना ते म्हणाले, उद्या कुणी हा कागद खरा केला तर जाळं कुठे टाकायचं? ट्रॉलरवाले समुद्र खरवडून नेतात, त्यांना कोण विचारतं? मला हा प्रश्न नवीन नव्हता. आमच्या आज्याची जमीनही जंगलखात्याच्या नकाशातच होती, आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यावरही तो पट्ट्यासाठी चकरा मारत राहिला. तरीही ते प्रवाळ बघून आल्यावर, रेघच नको, असं माझ्याच्याने म्हणवेना. रेघ मारताना रापणवाल्याला विचारलं असतं तर?

मग त्यांनी मला विचारलं, ‘‘तुमच्याकडे मासे गावतत?’’ मी मोठ्या उत्साहाने वलगणीचं सांगितलं. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यातून वर शेतात चढतात, अख्खा गाव टोपल्या घेऊन पळतो.

बाबांचा घास हातातच राहिला. ‘‘गाबोळीचेच मासे धरतास? मगे फुडल्या वर्साक काय खातलास?’’

पार्टनर हसायला लागला. मी मुकाट्याने भातावर सोलकढी ओतून घेतली.