काळी नदीकाठी तंबूतला मुक्काम

सकाळी तंबूतून डोळे चोळत बाहेर आलेल्या मुलांचा हिरमोड होतो. रात्रभर ज्या खळाळत्या नदीची स्वप्ने पाहिली, तिच्या जागी नुसते काळे खडक आणि त्यांमधून वाट काढणारी पाण्याची धार! ‘‘काका, नदी कुठे गेली?’’ असे एखादे चिमुरडे विचारतेच. वल्ही पुसत बसलेला वाटाड्या हसतो, ‘‘येईल रे, अजून सोडली नाही.’’

उत्तर कर्नाटकातल्या दांडेलीजवळ, गणेशगुडीच्या जंगलात काळी नदीच्या काठी मुक्काम करायचा, तर हे ‘सोडणे’ आधी समजून घ्यायला हवे. सह्याद्रीत डिग्गी गावाजवळ उगम पावणारी ही नदी सुमारे 184 किलोमीटर वाहून कारवारला अरबी समुद्राला मिळते. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण आहे. उंची 101 मीटर! पायथ्याच्या वीजगृहात जनित्रे सुरू झाली की पाणी खाली येते. तासाभरापूर्वी ज्या खडकावर बसून कुणी दात घासले, तो खडक दिसेनासा होतो आणि सारे पात्र पांढऱ्या फेसाने भरून जाते. दूर शहरात पंखे फिरतात, तेव्हा इथे राफ्ट सुटतात, असे म्हटले तरी चालेल.

म्हणूनच मंडळींनी पहिला नियम पाळायचा, तो म्हणजे विचारल्याशिवाय पात्रात उतरायचे नाही. पाणी कमी आहे म्हणून मधल्या खडकावर जाऊन फोटो काढणे, कपडे वाळत घालणे किंवा मुलांना डुंबायला सोडणे जिवावर बेतू शकते. कोरडी नदी येथे पावसाची वाट पाहत नाही. खाली दांडेलीच्या बाजूला तर नदीत मगरी आहेत, तिथे काठावर रेंगाळूही नये.

गणेशगुडीखाली साधारण नऊ-दहा किलोमीटरचा प्रवाह राफ्टिंगसाठी वापरला जातो. निघण्यापूर्वी हेल्मेट आणि जीवरक्षक जाकीट घालून काठावरच तालीम होते. ‘पुढे’, ‘मागे’, ‘खाली बसा’ या हुकमांवर एरवी एकमेकांचे न ऐकणारे मेहुणे आणि साडू निमूटपणे एका तालात वल्ही मारू लागतात, हे दृश्य पाहण्यासारखे असते. पाण्यात पडलात तर उभे राहण्याची धडपड करू नका, खडकाच्या खाचेत पाय अडकतो. उताणे तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि दोरीची वाट पाहा. राफ्टमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबलेली दिसली, तर पैसे गेले तरी बेहत्तर, पण चढू नका. लहान मुले व आजी-आजोबांनी काठावरच बसावे. त्यांचा वेळ मुळीच वाया जात नाही.

कारण जंगल डोक्यावरच असते. 2007 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याला काळी नदीचेच नाव मिळाले. वाघ दिसेलच अशी आशा धरू नये. मात्र झाडावरून उड्या मारणारे शेकरू आणि पंखांचा मोठा आवाज करीत जाणारा धनेश दिसण्याची शक्यता बरीच. या पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर फटीतून तिला उंबराची फळे भरवतो. आजीने ही गोष्ट ऐकवली, की शेकोटीभोवतीच्या सगळ्या सुना नवऱ्यांकडे पाहतात!

शेकोटीजवळ आणखी एक गोष्ट सांगायला हवी, पण ती बहुधा कुणी सांगत नाही. सुपा हे केवळ धरणाचे नाव नव्हे, ते एक गाव होते. तालुक्याचे ठिकाण होते. धरण 1987 मध्ये पूर्ण झाले आणि बाजार, घरे, देवळांसकट सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार जोयडाला गेला, पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसवली गेली. त्या भागात आजही कोकणी आणि मराठी कानावर पडते. बेळगाव-गोव्याकडून येणाऱ्या मंडळींनी रामनगरला चहासाठी थांबावे, एखाद्या वृद्धाजवळ सुप्याचा विषय काढावा. राफ्ट ज्या पाण्यावर उसळते, ते कुणाच्या अंगणावरून आले आहे, हे तिथे कळते.

नोव्हेंबर ते मे हा काळ या सहलीला योग्य. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते. व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, तेव्हा परवानगी असलेला तळ आधीच ठरवावा. बेळगावहून अंतर साधारण शंभर किलोमीटर, हुबळीहून त्याहून कमी. सोबत टॉर्च, कपड्यांचे दोन जादा जोड आणि ओल्या कपड्यांसाठी पिशवी घ्यावी. चपला नकोत, पायात घट्ट बसणारे जुने बूट बरे. चप्पल पहिल्याच खळाळात कारवारची वाट धरते.