मध्येच थांबविलेले भाषण

उभे राहून बोलणाऱ्या माणसास मध्येच थांबवून त्याचा उच्चार दुरुस्त करण्याचा अधिकार हुद्द्यापाठोपाठ आपोआप प्राप्त होतो, असे मानणाऱ्या एका अधिकाऱ्याविषयीचा माझा राग इतक्या वर्षांनंतरही शमलेला नाही.

सन 2000 पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविण्याचा निर्णय अमलात आला आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षणाचे हुकूम सुटले. एका तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी भाषणाचा वर्ग माझ्याकडे आला. ती मंडळी अज्ञ नव्हती. व्याकरण त्यांना उत्तम येत असे, परंतु चारचौघांसमोर इंग्रजीतून बोलण्याचा प्रसंगच आयुष्यात न आल्याने, वाक्य मनात मराठीत रचावयाचे, त्याचे भाषांतर करावयाचे, काळ तपासावयाचा, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून जावयाची, अशी त्यांची अवस्था होती. म्हणून मी शिरस्ता घातला की, वक्ता बोलत असता कोणीही चूक दाखवू नये. ती टिपून ठेवावी आणि तो बसल्यावर प्रथम साधलेले व मग सुधारावयाचे सांगावे. रॅल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स मंडळांतही भाषणाचे परीक्षण भाषण संपल्यावरच होते.

वर्गातील एक बाई कित्येक दिवस मौन धरून होत्या. अखेर त्या उठल्या आणि हाती कागद न घेता, दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांविषयी बोलू लागल्या. वाक्ये तोकडी होती, मध्ये दीर्घ विराम पडत होते. तथापि सारा वर्ग एकाग्र झाला होता. कारखान्यावर गेलेल्या एका मुलीची हकिकत त्या सांगत असतानाच तपासणीस आलेले साहेब दारातून मोठ्याने हसले. एका शब्दातील आघात चुकीच्या अक्षरावर पडला होता. मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतूनच शिकलेल्या कानास तो भेद ऐकूही येत नाही, याची त्यांना काय क्षिती! त्यांनी बाईंकडून तो शब्द पुनःपुन्हा वदवून घेतला, बरोबर उच्चार आल्यावर समाधानाने मान डोलावली, आणि बाई खाली बसल्या. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आम्हां कोणासही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. साहेबांविषयी चकार शब्द न काढता म्हणाल्या, "सर, असे आणखी कोणते शब्द आहेत ते लिहून द्या. माझी मुलं माझंच ऐकून शिकणार."

उच्चार ही बाब मी तोवर गौण लेखीत असे. खेड्यातील पहिलीच्या मुलास शिक्षकाच्या मुखाव्यतिरिक्त इंग्रजी ऐकावयास मिळत नाही, हे बाईंचे म्हणणे निरुत्तर करणारे होते; तेव्हापासून उच्चारांचा स्वतंत्र तास मी सक्तीचा केला. साहेबांवरील राग मात्र त्यामुळे तिळमात्र कमी झाला नाही. प्रशिक्षणवर्गास भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे : कोणी बोलत असल्यास आधी बसून पुरते ऐकावे, आणि चूक सांगावयाचीच असेल तर बोलणाऱ्याचे बोलणे संपल्यावर, त्यास बाजूला घेऊन सांगावी.